रॅलीच्या हौशी गाडीचे झिजलेले इंजिन घरी बांधताना: मोजमाप, धुलाई आणि जुळवणी

पुण्यात हौसेने रॅली किंवा ऑटोक्रॉसची गाडी तयार करणाऱ्यांपैकी अनेकांची सुरुवात मारुती जिप्सी किंवा एस्टीमपासून होते. एस्टीममध्ये आणि नंतरच्या जिप्सींत जी-१३ मालिकेचे १२९८ सीसीचे इंजिन असते. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७४ मि.मी., स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ७५.५ मि.मी., ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, अॅल्युमिनियमचा आणि त्यात बसवलेले लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळ्या, बिडाचे, अशी त्याची रचना आहे. इंजिन वजनाला हलके आहे, त्याची माहिती असलेले कारागीर शहरात सहज भेटतात आणि नाना पेठेत त्याचे सुटे भाग आजही मिळतात. घरी पहिल्यांदा इंजिन बांधणाऱ्याने याहून अवघड इंजिनाच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढचे विवेचन याच इंजिनाला धरून केले आहे, मात्र त्यातील पद्धत बहुतेक चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनांना लागू पडेल.

रॅलीचे इंजिन म्हणजे जास्त ताकदीचे इंजिन, या समजुतीने अनेक जण आधी कॅमशाफ्ट आणि एक्झॉस्टच्या मागे लागतात. हौशी स्पर्धेत मात्र गाडी शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचणे हेच मोठे काम असते, आणि ते साधते मोजमापातून व स्वच्छतेतून. धातू कापण्याचे काम, म्हणजे बोअरिंग (सिलिंडर कापून मोठा करणे), क्रँक ग्राइंडिंग (क्रँकशाफ्ट घासून नव्या मापाला आणणे) आणि हेडचे फेसिंग (त्याचा पृष्ठभाग सपाट करणे), यंत्रशाळेत द्यावेच लागते. मोजणे, धुणे आणि जुळवणे ही कामे मात्र घरी, निवांतपणे, कोणत्याही घाईतल्या गॅरेजपेक्षा चांगली करता येतात. या लेखात भर त्यांच्यावरच आहे.

काम हाती घेण्यापूर्वी दोन कागद पाहावेत. पहिला म्हणजे भारतातील मोटार क्रीडा महासंघाचे, म्हणजे एफएमएससीआयचे, आपण उतरणार त्या गटाचे नियम. बोअर ०.२५ मि.मी.ने वाढवले की इंजिनाची क्षमता सुमारे १३०८ सीसी होते आणि ०.५० मि.मी.ने वाढवले की सुमारे १३१६ सीसी होते. आपल्या गटात क्षमतेची मर्यादा कुठे आखली आहे आणि ओव्हरसाइज पिस्टनला परवानगी आहे का, हे बोअरिंगनंतर कळून काहीच उपयोग नसतो. दुसरा कागद म्हणजे गाडीचे नोंदणीपत्र. ब्लॉक निकामी निघाला आणि दुसरा जुना ब्लॉक घ्यावा लागला तर इंजिन क्रमांक बदलतो. त्याची नोंद आरटीओकडे करावी लागते, म्हणून जुना ब्लॉक पावतीशिवाय घेऊ नये. त्याखेरीज आपल्याच इंजिनाचे सर्व्हिस मॅन्युअल हाती असल्याशिवाय पाना उचलू नये. बोल्टचे टॉर्क आणि झिजेच्या मर्यादा ८ व्हॉल्व्हच्या आणि १६ व्हॉल्व्हच्या इंजिनात सारख्याच असतील असे गृहीत धरता येत नाही.

खोलण्याआधीची तपासणी

इंजिन गाडीत चालू आहे तोवरच त्याला बोलते करावे, कारण एकदा सुटे केल्यावर त्याच्या बऱ्याच खुणा हरवतात. सर्वांत उपयोगी चाचणी कॉम्प्रेशनची. इंजिन गरम करावे, चारही प्लग काढावेत, इंधनपंपाचा फ्यूज आणि इग्निशनची जोडणी काढावी, बॅटरी पूर्ण भरलेली असावी आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून प्रत्येक सिलिंडरवर सारखाच वेळ स्टार्टर फिरवावा. या मालिकेच्या निरोगी इंजिनासाठी साधारण १४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर हा आकडा धरला जातो, पण तो समुद्रसपाटीचा आहे. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने इथल्या हवेचा दाब सहा-साडेसहा टक्क्यांनी कमी असतो, त्यामुळे इथे १३ च्या आसपासचा आकडा आला तर इंजिन थकले असा निष्कर्ष काढू नये. आकडा ११ च्या खाली गेला, किंवा दोन सिलिंडरांत एक किलोपेक्षा जास्त फरक आढळला, तर मात्र इंजिन उघडायलाच हवे.

कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चांगलाच वर चढला तर गळती रिंग आणि बोअरकडून आहे, जवळपास तिथेच राहिला तर व्हॉल्व्हकडून आहे, आणि शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच खाली असतील तर पहिला संशय हेड पॅकिंगवर घ्यावा. ऑइलच्या दाबासाठी स्विचच्या जागी तात्पुरता गेज लावावा. इंजिन पूर्ण गरम असताना ३००० आरपीएमला तो ३ किलोच्या आसपास टिकत नसेल तर बेअरिंग किंवा ऑइल पंप झिजला आहे असे धरून चालावे. सायलेन्सरच्या धुराचीही नोंद करावी. उतारावर पाय सोडून पुन्हा दाबताना निळा धूर आला तर व्हॉल्व्ह गाइड आणि त्यांची सील तपासावी लागतील. चढावर जोर लावताना तो सतत येत असेल तर दोष रिंगांचा असतो.

जागा, हत्यारे आणि वेळ

सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम करणार असाल तर शेजाऱ्यांना आधी सांगावे आणि इंजिन उचलण्यासाठी पार्किंगच्या तुळईला चेन ब्लॉक अडकवू नये, कारण ती तुळई लटकत्या वजनासाठी आखलेली आहे की नाही हे आपल्याला ठाऊक नसते. चाकांची इंजिन क्रेन भाड्याने आणणे हाच योग्य मार्ग. जुळवणीची जागा मात्र पार्किंगपासून वेगळी, दार लागणारी खोली असावी. शहरात सतत कुठे ना कुठे बांधकाम चालू असते आणि त्याची धूळ उघड्या इंजिनाला परवडत नाही.

हत्यारांत गोटी पान्यांचा संच, फिलर गेज आणि रिंग कॉम्प्रेसर हे आलेच. खरा खर्च मात्र तीन वस्तूंवर करावा, आणि त्या म्हणजे खात्रीचा टॉर्क रेंच, ५० ते ७५ मि.मी.चा मायक्रोमीटर आणि बोअर गेज. नवे घेणे परवडत नसेल तर ही मापन साधने ओळखीच्या टूलरूममधून मागून आणावीत. पिंपरी-चिंचवडच्या परिसरात टूलरूममध्ये काम करणारा एखादा मित्र किंवा नातेवाईक नाही असा पुणेकर विरळाच, आणि असा माणूस संध्याकाळी दोन तास शेजारी बसला तर मापे घेण्याची शिस्तही तोच शिकवतो. यंत्रशाळेच्या फेऱ्या ठरवताना त्या औद्योगिक पट्ट्यातील गुरुवारची सुट्टी लक्षात ठेवावी. शक्य असेल तर हे काम दिवाळी ते फेब्रुवारी या काळात करावे. पावसाळ्यात नुकताच होन केलेला, म्हणजे दगडाने बारीक घासलेला, बिडाचा पृष्ठभाग बघता बघता तांबूस होतो.

उतरवणे आणि खोलणे

बॅटरी सोडल्यावर एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या, गाडीत आधी इंधनाच्या नळीतला दाब उतरवावा. कूलंट आणि ऑइल वेगवेगळ्या डब्यांत काढावे. वापरलेले ऑइल हा घातक कचरा आहे. ते गटारात ओतले तर शेवटी मुळा-मुठेतच जाते, म्हणून ते साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यावे. प्रत्येक कनेक्टर, नळी आणि केबल सोडण्यापूर्वी फोटो काढावा आणि चिठ्ठी बांधावी. बोल्ट एकाच डब्यात न टाकता, ज्या भागाचे त्या भागासोबत पिशवीत ठेवावेत.

हेडचे बोल्ट बाहेरून आतल्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत सैल करावेत. एकदम सोडल्यास अॅल्युमिनियमचे हेड वाकते. बेअरिंगच्या कॅप आणि कनेक्टिंग रॉड यांवर क्रमांक आणि दिशा आधी खुणावून घ्यावी, कारण या कॅप ज्या त्या जागीच मशिन केलेल्या असतात आणि अदलाबदल झाल्यास बेअरिंगचे गोल भोक गोल राहत नाही. पिस्टन वर ढकलण्यापूर्वी बोअरच्या वरच्या टोकाला कडा तयार झाली आहे का, हे नखाने पाहावे. रॉडच्या बोल्टवर रबरी नळीचे तुकडे चढवावेत, म्हणजे बाहेर येताना त्यांचे आटे क्रँकला ओरखडा काढणार नाहीत.

आता घाई न करता सुटे भाग वाचावेत. रॅलीच्या गाडीत इंजिन झिजण्याचे मोठे कारण धूळ हे असते आणि ती आपली वाट दाखवून जाते. एअर फिल्टरच्या पुढची, म्हणजे थ्रॉटलच्या बाजूची नळी आतून पांढऱ्या फडक्याने पुसावी. फडक्यावर तपकिरी पट्टा उमटला तर धूळ फिल्टर चुकवून आत गेली आहे. मग नळीच्या क्लिपा, फिल्टरच्या डब्याची रबरी कड आणि नळीच्या घड्यांमधल्या चिरा एकेक करून पाहाव्यात. अशा इंजिनात बोअरची भिंत वरच्या तृतीयांशात राखाडी, उभ्या बारीक रेघांची दिसते, होनिंगच्या तिरप्या रेषा तिथून पुसल्या गेलेल्या असतात, आणि वरच्या रिंगेची कड बोटाला धारदार लागते. बेअरिंगचे शेल (अर्धगोल पत्रे) उजेडात तिरपे धरले तर मऊ थरात रुतलेले कण ठिपक्यांसारखे दिसतात, आणि झीज पुढे गेली असेल तर खालचा तांब्याचा रंग वर आलेला असतो. ही वाट सापडून बंद झाल्याशिवाय नवे पिस्टन घालण्यात अर्थ नाही, कारण तीच धूळ नव्या बोअरलाही त्याच गतीने खाईल.

पहिली धुलाई करताना एक इशारा गांभीर्याने घ्यावा. अनेक ठिकाणी सुटे भाग कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात उकळण्याची पद्धत आहे. ती बिडाच्या ब्लॉकसाठी ठीक आहे, पण कॉस्टिक अॅल्युमिनियमला अक्षरशः खाते आणि त्या क्रियेत ज्वलनशील हायड्रोजन वायू सुटतो. जी-१३ चा ब्लॉक, हेड आणि पिस्टन हे तिन्ही अॅल्युमिनियमचे आहेत. ते डिझेल किंवा रॉकेल आणि ब्रशने, नंतर सौम्य डिटर्जंटने धुवावेत, आणि बाहेर द्यावे लागले तर अॅल्युमिनियम आहे हे तोंडी सांगून न थांबता भागावर लिहून द्यावे. पॅकिंगचे अवशेष लोखंडी पत्तीने न खरवडता प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने काढावेत.

मोजमाप

प्रत्येक बोअर तीन उंचींवर आणि प्रत्येक उंचीला दोन दिशांनी मोजावा, एक क्रँकच्या रेषेत आणि दुसरी तिच्या काटकोनात. चार बोअरची मिळून २४ मापे होतात आणि ती वहीत तक्त्यात लिहावीत. झीज सर्वांत जास्त असते ती वरची रिंग जिथे थांबून उलट फिरते त्या पट्ट्यात, आणि क्रँकच्या काटकोनातल्या दिशेने, कारण पिस्टनचा रेटा तिकडे असतो. वरचे आणि खालचे माप यांतला फरक म्हणजे बोअरचा उतार, आणि दोन दिशांतला फरक म्हणजे त्याची लंबगोलता. या दोन आकड्यांवरूनच नुसत्या रिंगा बदलून भागेल की बोअरिंग करावे लागेल, हे ठरते. निवाडा मॅन्युअलच्या मर्यादेवर सोडावा. डोळ्यांना बोअर गुळगुळीत दिसतो म्हणून तो चांगला आहे असे मानू नये, कारण झिजलेला बोअरच अधिक गुळगुळीत दिसतो.

मोजताना तापमानाकडे दुर्लक्ष होते, आणि पुण्याच्या उन्हाळ्यात ते महागात पडते. या इंजिनात पिस्टन आणि बोअर यांमधली जागा शतांश मि.मी.च्या दोन-चार घरांतली असते. ७४ मि.मी.चा अॅल्युमिनियमचा पिस्टन १५ अंशांनी तापला तर तो सुमारे ०.०२ मि.मी.ने फुगतो, म्हणजे जी जागा मोजायची तिच्याएवढाच. बिडाचा बोअर त्याच तापमानाला त्याच्या निम्म्याच्या आसपास वाढतो. म्हणून ब्लॉक, पिस्टन, मायक्रोमीटर आणि गेज रात्रभर एकाच खोलीत ठेवावेत आणि सकाळी मापे घ्यावीत. पिस्टन कपाटात, ब्लॉक उन्हात आणि माप दुपारी, अशा रीतीने मिळालेल्या आकड्यांवर बोअरिंगचा निर्णय घेऊ नये.

क्रँकचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे त्याचे गोल भाग, दोन दिशांनी आणि दोन टोकांना मोजावेत. हेडची सपाटी सरळ पट्टी लांबीने, रुंदीने आणि दोन्ही कर्णांवर ठेवून फिलर गेजने तपासावी. ०.०५ मि.मी.ची पाती कुठेही आत शिरली तर फेसिंग करावे लागेल. ब्लॉकचा वरचा पृष्ठभागही तसाच तपासावा.

यंत्रशाळेत काय सांगावे

पिस्टन आधी विकत घ्यावेत आणि मगच बोअरिंग करावे, हा क्रम कधीही उलटा होऊ देऊ नये. पिस्टन घेताना पॅकिंग नीट पाहावे, कारण नकली माल हुबेहूब वेष्टनात येतो. घरी आणून प्रत्येक पिस्टन मोजावा आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलावा. चौघांत एक-दोन ग्रॅमपेक्षा जास्त फरक असेल तर संच परत करावा. मग प्रत्येकाच्या माथ्यावर क्रमांक टाकून, "काका, ज्याच्या त्याच्या बोअरला ज्याचा त्याचा पिस्टन, माप लिहून दिलंय", असे मिस्त्रींना स्वच्छ सांगावे. चांगला बोअरिंगवाला असल्या चिकित्सेने रागावत नाही. उलट माप लिहून आणणाऱ्या गिऱ्हाइकाचे काम तो स्वतः उभा राहून करतो.

अॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये हेडचे बोल्ट आवळले की बोअरचा आकार किंचित बदलतो. म्हणून हेडच्या जागी जाड टॉर्क प्लेट आवळून होनिंग करणारी यंत्रशाळा मिळाली तर थोडे जास्त पैसे मोजूनही तिथेच काम द्यावे. होनिंगच्या रेषा एकमेकींना सुमारे ४५ ते ६० अंशांत छेदणाऱ्या असाव्यात. या रेषांमध्ये ऑइल टिकते आणि नव्या रिंगा त्यांवरच बसतात. क्रँक ग्राइंड करावा लागला तर जर्नल जिथे भिंतीला मिळतो तिथली गोलाई मूळच्याइतकीच ठेवण्यास बजावावे. तो कोपरा टोकदार झाला तर ताण तिथे एकवटतो आणि रॅलीच्या खडतर वापरात क्रँक तिथूनच तुटतो. ऑइलच्या भोकांच्या कडा मोडलेल्या आणि गुळगुळीत असाव्यात.

हेडचे काम करताना आधी दाबचाचणी, मग गाइड, मग सीट आणि सर्वांत शेवटी फेसिंग असा क्रम ठेवावा. तडा गेलेल्या हेडवर सीट कापण्याचे पैसे वाया जातात, आणि गाइड बदलल्यावर सीट नव्या गाइडच्या रेषेत कापावीच लागते. फेसिंग लागेल तेवढेच, कमीत कमी करावे. जास्त घासून कॉम्प्रेशन वाढवण्याचा मोह होतो, पण उन्हाळ्यातल्या लांब चढावर, मिळेल त्या पंपाच्या पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनात त्याचे रूपांतर नॉकिंगमध्ये, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून ठोके बसण्यात, होते. आता पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, त्यामुळे जुन्या जिप्सीच्या इंधन नळ्या आणि रबरी सील याच वेळी इथेनॉलला टिकणाऱ्या घेऊन बदलाव्यात.

दुसरी धुलाई

ब्लॉक यंत्रशाळेतून आला की तो स्वच्छ दिसतो, पण स्वच्छ नसतो. होनिंगच्या दगडाची पूड त्या तिरप्या रेषांमध्ये दडलेली असते आणि पेट्रोल किंवा डिझेलने ती निघत नाही, नुसती पसरते. गरम पाणी, भांडी घासायचा द्रवरूप साबण आणि मऊ नायलॉन ब्रश यांनी प्रत्येक बोअर घासावा, पाण्याने धुवावा आणि पांढऱ्या सुती कापडाने पुसावा. कापड राखाडी होईल. पुन्हा धुवावे, पुन्हा पुसावे, आणि कापडावर काहीच उमटत नाही तोवर हे चालू ठेवावे. हवा मारून वाळवताच क्षणाचाही उशीर न करता बोअरला ऑइल लावावे. ऑइलच्या वाटांचे प्लग काढून त्यांतून लांब ब्रश फिरवावा. क्रँकमधल्या तिरप्या भोकांतही तसेच करावे, कारण ग्राइंडिंगची पूड तिथेच साचते. कॉटन वेस्टचे धागे सुटतात, म्हणून या टप्प्यापासून पुढे ते खोलीतही आणू नये.

जुळवणी

मेन बेअरिंगचे शेल आणि त्यांची घरे कोरडी पुसून बसवावीत, शेलच्या फक्त आतल्या बाजूला ऑइल लावायचे असते. पहिल्यांदा मात्र ऑइल न लावता प्लास्टिगेजचा (दाबला की चपटा होणाऱ्या, फट मोजायच्या मऊ प्लास्टिकच्या धाग्याचा) तुकडा जर्नलवर ठेवून कॅप पूर्ण टॉर्कला आवळावी, क्रँक अजिबात न फिरवता पुन्हा उघडावी आणि चपटा झालेला पट्टा मोजपट्टीशी ताडून पाहावा. जर्नलच्या व्यासाचा सुमारे हजारावा भाग एवढी जागा हा जुना, भरवशाचा ठोकताळा आहे. अंतिम शब्द मॅन्युअलचा मानावा. समाधान झाल्यावर ऑइल लावून कॅप मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळाव्यात आणि प्रत्येक कॅपनंतर क्रँक हाताने फिरवून पाहावा. तो कोणत्याही कॅपनंतर जड झाला तर तिथेच थांबून कारण शोधावे.

रिंगेची फट तपासण्यासाठी ती तिच्याच बोअरमध्ये ठेवून, उलट्या पिस्टनने सुमारे २५ मि.मी. आत सरळ ढकलावी. व्यासाच्या हजारात चार भाग, म्हणजे या इंजिनाला वरच्या रिंगेसाठी ०.३० मि.मी.च्या आसपासची फट योग्य ठरते. ती कमी असेल तर रिंग तापल्यावर तिची टोके एकमेकांना भिडतात आणि बोअर फाडतात. थोडी जास्त असेल तर नुकसान किरकोळ असते, म्हणून शंका आल्यास थोड्या जास्तीकडे झुकावे. घासताना बारीक कानस बाहेरच्या कडेकडून आतल्या कडेकडे चालवावी आणि राहिलेली कूस काढून टाकावी. रिंगेवरची खूण वरच्या दिशेला ठेवावी आणि तिन्ही रिंगांच्या फटी एका रेषेत येऊ देऊ नयेत. पिस्टन आत घालताना रिंग कॉम्प्रेसर ब्लॉकवर सपाट टेकवावा आणि हातोड्याच्या लाकडी दांड्याने हलके ठोकावे. मध्येच अडले तर जोर न लावता बाहेर काढावे, कारण बहुधा एखादी रिंग निसटलेली असते.

ऑइल पंप या इंजिनात क्रँकच्या पुढच्या टोकावरच चालतो. त्याचे रोटर आणि झाकण यांत ओरखडे असतील तर नवा घ्यावा, इथे काटकसर करू नये. बसवण्यापूर्वी तो ऑइलने भरावा, म्हणजे पहिल्या फिरण्यातच ऑइल ओढेल. चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतल्या, पिकअप नळीच्या जोडाचे सील नवेच घालावे. ते हवा ओढू लागले तर दाब पडतो आणि दोष बेअरिंगवर जातो. रॅलीसाठी चेंबरमध्ये ऑइल एका बाजूला पळू नये म्हणून आडव्या पट्ट्या वेल्ड करून घेण्याची हीच वेळ असते.

हेड चढवण्याआधी ब्लॉकमधली बोल्टची भोके रिकामी आणि कोरडी आहेत याची बारीक तारेला गुंडाळलेल्या फडक्याने खात्री करावी. तळाला बंद असलेल्या भोकात ऑइल किंवा पाणी साचलेले असेल तर बोल्ट आवळताना ते दाबले जाऊन अॅल्युमिनियमच्या ब्लॉकला तडा जाऊ शकतो. पॅकिंग कोरडेच बसवावे. बोल्ट मधून बाहेर, मॅन्युअलच्या क्रमाने, किमान तीन टप्प्यांत आवळावेत. टायमिंगचा पट्टा आणि त्याचा टेन्शनर नवाच घालावा. खुणा जुळवून क्रँक पान्याने दोन पूर्ण फेरे हाताने फिरवावा आणि खुणा पुन्हा तपासाव्यात. कुठे काही अडल्यासारखे वाटले तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागत आहे असेच समजून मागे यावे.

थर्मोस्टॅट काढून टाकला की इंजिन थंड राहते, असा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. तो पाळू नये. थंड इंजिनात मिश्रणात पेट्रोल जास्त राहते, पेट्रोल बोअरवरचे ऑइल धुऊन काढते आणि झीज वाढते. तापमानाची काळजी असेल तर रेडिएटर आतून स्वच्छ करून घ्यावा आणि पंख्याचा स्विच तपासावा.

पहिली सुरुवात आणि रन-इन (नवे भाग एकमेकांवर बसू देणे)

प्लग न लावता, इंधनपंपाचा फ्यूज काढून, ऑइलचा दाब गेजवर दिसेपर्यंत स्टार्टर थांबत थांबत फिरवावा. त्यानंतरच प्लग लावून इंजिन चालू करावे. गळती, आवाज आणि दाब यांवर नजर ठेवून ते पूर्ण गरम होऊ द्यावे, मात्र नुसते आयडलवर तासभर चालवत ठेवू नये. नव्या रिंगा बोअरवर बसतात त्या सिलिंडरमधल्या दाबाने, आणि आयडलला तो दाब नसतो.

साधे मिनरल २०डब्ल्यू-४० ऑइल घालून गाडी रस्त्यावर काढावी. कोंढव्याहून बोपदेव घाटाने सासवडकडे जाणारा रस्ता या कामाला सोयीचा आहे. सकाळी लवकर, तिसऱ्या गियरमध्ये २००० ते ४००० आरपीएमपर्यंत मध्यम जोराने चढवावे आणि मग पाय सोडून इंजिनाच्या ब्रेकवर गाडी मंद होऊ द्यावी. जोराने रिंग बोअरवर दाबली जाते आणि पाय सोडल्यावरच्या निर्वाताने वर ऑइल ओढले जाऊन तिथली पूड धुतली जाते. एकाच वेगाने महामार्गावर लांबचा पल्ला मारणे या काळात टाळावे.

पहिले ऑइल आणि फिल्टर १०० किलोमीटरच्या आत बदलावे. काढलेला फिल्टर कापून त्याचा कागद पसरून उजेडात पाहावा. बारीक राखाडी चकाकी अपेक्षित असते, पण चिमटीत येतील असे तुकडे किंवा तांबूस पत्र्या दिसल्या तर चेंबर उतरवून बेअरिंग पाहिल्याखेरीज इंजिन पुन्हा चालू करू नये. ५०० किलोमीटरला दुसऱ्यांदा ऑइल बदलावे, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटी, मॅन्युअलच्या मापाला पुन्हा सेट करावेत, एअर फिल्टरच्या पुढची नळी पुन्हा पांढऱ्या फडक्याने पुसून पाहावी आणि चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून वहीत पहिल्या आकड्यांशेजारी लिहावे. एखादा सिलिंडर अजून मागे असेल तर आणखी ५०० किलोमीटर चालवून पुन्हा मोजावे, कारण रिंगा कधी कधी उशिरा बसतात. त्यानंतरही तो वर आला नाही तर पुन्हा ऑइलची चाचणी करून आधी हेड उतरवायचे की चेंबर, हे ठरवावे, आणि तोवर स्पर्धेचा प्रवेश अर्ज भरू नये.